मुकुलच्या वरणभातावरचे तूप

रजनी,

मुकुलच्या पचनाच्या कॅप्सूल लोणावळ्यात मिळत नाहीत, म्हणून पुण्याला निघालो आहे. उरलेली शेवटची त्याच्या ताटाशेजारी ठेवली आहे. पहिल्या घासाबरोबर दे.

स्निग्ध आहाराने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढत असावा, एवढेच डॉक्टर म्हणाले. आपल्या मुलाला तो तुझ्या तुपाने झाला, असे म्हणाले नाहीत. आता थोडे तूप द्याच, असेही तेच म्हणाले. तरी तू तुपाची बरणी शेजाऱ्यांना देऊन टाकलीस. काल तो म्हणाला, "बाबा, आजाराआधी आईचा उकडलेला दुधीच मला नेणार." त्याचे मनगट माझ्या दोन बोटांत मावते.

टाकवे गावच्या मावशींकडून आणलेले तूप फडताळात आहे. चमच्यावर खूण केली आहे. वरणभातावर तेवढे घाल. स्वतःला दोष उद्या दे. आज तो उपाशी आहे.

वसंत