शुभे, लिफ्टला जागा का नाही सोडलीस?

शुभे,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. होतीस तेव्हा फोन उचलून "ए, आहेस का गं?" एवढं विचारलं की काम भागायचं. आता कुणाला विचारू? कॉलेजच्या ग्रुपवर काही टाकलं की अर्धे जण जोडलेले हात पाठवतात आणि उरलेले अंगठा. म्हणून म्हटलं, सरळ तुलाच लिहावं. गेले काही महिने मी तुझ्या बिल्डिंगच्या मागे लागले होते. काल तिचा निकाल लागला, आणि तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तुझी बिल्डिंग म्हणजे मुलुंडचीच. जिचं डिझाइन तू केलंस आणि मग हट्टाने जिच्यात घर घेतलंस, तीच. तीस वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, हे तुला मी काय शिकवायचं! सोसायटीच्या सेक्रेटरींनी मलाच बोलावलं. "मॅडम, तुम्ही वहिनींच्या मैत्रीण, घरच्याच. बिल्डर तयार आहे, सगळ्यांना मोठे फ्लॅट मिळतील. दोन-तीन म्हातारी माणसं तेवढी अडून बसलीत. तुम्ही 'धोकादायक' लिहून दिलंत की त्यांनाही निघावं लागेल."

मी म्हटलं, "आधी पेशंट तर बघू द्या."

पार्किंगच्या कॉलमपासून सुरुवात केली. हातोडी घेऊन ठोकत गेले. आतून पोकळ असेल तर बद्द आवाज येतो, भरीव असेल तर टण्ण. तुझ्या बिल्डिंगमध्ये बाई, जिथे ठोकावं तिथे टण्ण! बाथरूमच्या खालचे कोपरे सोडले तर कुठे नाव ठेवायला जागा नाही. एका ठिकाणी प्लास्टर काढून सळई उघडी केली. वरवरचा तांबूस रंग, बस्स. मला त्या सेक्रेटरींसमोर हसूच आलं. ते बिचारे घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी भयंकर सापडलं.

हसू का आलं माहितीय? मला ते कव्हर ब्लॉक आठवले. सळईखाली ठेवायचे सिमेंटचे एवढेएवढेसे ठोकळे, म्हणजे तिच्या चारही अंगांनी काँक्रीट बसतं आणि ती गंजत नाही. कॉन्ट्रॅक्टरने त्यांच्याऐवजी दगडाच्या कपच्या सरकवल्या होत्या. मिक्सर सुरू झाला होता, नारळ फुटला होता, जिलब्या आल्या होत्या, आणि तू स्लॅबच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस! "बाई, एवढंसं तर आहे," तो म्हणाला. तू म्हणालीस, "एवढंसंच आहे ना, मग लाव की!" काम थांबलं, ठोकळे आले, ते लागेपर्यंत तू तिथून हलली नाहीस. जिलब्या पार गार झाल्या. मी त्या दिवशी सहज बघायला आले होते आणि तुझ्याकडे बघून माझा ऊर भरून आला होता. तेव्हा बोलले नाही. आपल्यात कौतुक करायची पद्धतच नव्हती ना.

सिव्हिलला आपण दोघीच मुली. "तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सला का नाही गेलात?" असं सर दर टर्मला विचारायचे. मी मानखुर्दच्या चाळीतून यायचे. आमचे आप्पा जालन्याकडून आलेले, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली माझा ड्रॉइंग बोर्ड. घर एवढं लहान की शीट पसरली की आईला स्वयंपाकघरात जाता यायचं नाही. म्हणून आपण भांडुपला तुमच्याकडे बसायचो. तुझे बाबा मिल बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करत होते, तरी तुझी आई दारातच विचारायची, "काय गो, जेवलंस?" मी हो म्हटलं तरी ताटात सोलकढी आणि बांगडा यायचाच. सोलकढी सांडली म्हणून एकदा सगळी शीट पुन्हा काढावी लागली होती, आठवतंय?

आणि एवढं शिकून तू नोकरी सोडलीस! सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तुझी गार्गी लहान, आणि नवऱ्याची, अरुणची, नोकरी तर कायम फिरतीची. मी तुझ्याशी किती भांडले होते. "अगं बाई ठेव, नर्स ठेव, पण डोकं गंजवू नकोस," असं काय काय बोलले. तू शांतपणे मेथी निवडत होतीस. म्हणालीस, "सुजे, माझ्या वाट्याची एक बिल्डिंग उभी आहे ना? पुरे." मला तुझा भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर आजही थोडा येतो.

पण मग तुझ्या हॉलमध्ये गणिताचे क्लास सुरू झाले, आणि अर्ध्या मुलुंडची पोरं तुझ्या चटईवर बसून इंजिनियर झाली. घरात कायम चपलांचा ढीग. मी घाटकोपरला ऑफिस थाटलं, नाव कमावलं, पण साइटवरून घरी पोचेस्तोवर माझा लेक झोपलेला असायचा. आता तो कॅनडात आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर मलाच विचारतो, "आई, वेळेवर जेवतेस ना?" तू माझ्या साइटवरच्या गप्पा किती हावरटासारख्या ऐकायचीस. मी तुझ्या घरातल्या चपला बघत बसायचे. एकमेकींचा हेवा केला आपण आयुष्यभर, आणि घाटकोपर-मुलुंड एवढं जवळ असून भेटलो मात्र लग्नाकार्यात. काय मिळवलं गं?

असो. विषयावर येते. तपासणी झाल्यावर तुझ्या घरी गेले. अरुणने चहा केला. आपल्याच बॅचचा मेकॅनिकलवाला, कॉलेजात सगळ्यात बडबड्या, आणि आता घरात टीव्हीसुद्धा लावत नाही. मला म्हणाला, "काय म्हणतेय बिल्डिंग?"

"ठणठणीत आहे. कुणी बांधलीय!"

त्याने कप खाली ठेवला. "सुजाता, धोकादायक लिही."

"अरे, वेडा झालास काय?"

"वेडा नाही. दोन्ही गुडघे गेलेत माझे. चौथा मजला आहे. खाली उतरायचं म्हटलं तर परत वर कसं यायचं, हाच विचार. भाजी वर येते, औषधं वर येतात, गार्गी आली की मला माणूस दिसतो."

"मग जा ना तिच्याकडे बोरिवलीला. किती बोलावते ती."

"हे घर सोडून? नाही जमणार. पाडू दे, नवीन होऊ दे. लिफ्टने वर येईन आणि याच जागेवर येऊन बसेन."

मी म्हटलं, "अरुण, ती बिल्डिंग तिची आहे रे."

तो एकदम उसळला. "हो, तिची आहे! आणि तिला इथून कसं उतरवलं, ते तू नव्हतीस बघायला. प्लास्टिकच्या खुर्चीत, सुजाता. चौघांनी उचलून. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी व्हायची. ती सारखी म्हणत होती, 'अरुण, हात धर ना.' मी मागे होतो. जिन्यात जागाच नव्हती. माझा हात पोचला नाही. जन्मभर अख्ख्या अंधेरी-बोरिवलीत लिफ्टा लावत फिरलो मी, आणि माझी बायको खुर्चीतून गेली."

शुभे, हे तो मला पहिल्यांदाच सांगत होता. तू हॉस्पिटलमधून परत आलीच नाहीस, म्हणजे त्याला तुझं घरातलं शेवटचं बोलणं तेवढंच आठवतं. मी चहा तसाच टाकून निघाले. जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून मी वितीने रुंदी मोजली.

आता तूच सांग, लिफ्टला जागा का नाही सोडलीस? माहितीय, माहितीय! चार मजल्यांना तेव्हा लिफ्टची सक्ती नव्हती, आणि बिल्डर एक वीत जागा फुकट सोडणारा नव्हता. पण तू म्हणाली तरी होतीस का? तुझी कॅल्क्युलेशन्स मीही तपासली होती. भूकंप धरला, वारा धरला, गच्चीवरची पाण्याची टाकी भरलेली धरली. वर राहणारी माणसं म्हातारी होतील, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आपण तो जिना पळत चढायचो ना! पंचविशीतल्या इंजिनियरनेच करावी अशी चूक होती ती. तिच्यात पकडायला आकडा कुठला चुकलेला नव्हता.

मग मी काय करायचं होतं? एक ओळ लिहिली असती तर सगळा आनंदीआनंद होता. अरुण सुटला असता, सेक्रेटरींनी पेढे दिले असते. पण अडून बसलेल्या पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला खोट्या कागदावर घराबाहेर काढायचं? आणि तुझं एकमेव काम सरकारदरबारी धोकादायक म्हणून नोंदवायचं, तेही माझ्या सहीने? नाही गं. हात धजला नाही. अरुणला फोन करून सांगितलं, "खोटं लिहिणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही." त्याने फोन ठेवला, आणि मग माझा उचललाच नाही. गार्गीचा फोन आला, "मावशी, बाबा धड जेवत नाहीयेत." माझी तर वाटच लागली. मनात आलं, खरेपणाच्या नादात मी एका जित्या माणसाला चौथ्या मजल्यावर कोंडून मारतेय की काय?

आणि मग मला, साठीला टेकलेल्या इंजिनियरणीला, जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. अगं, बाहेरून लावायची ना लिफ्ट! जुन्या बिल्डिंगांना लावतातच की, लोखंडी सांगाडा उभा करून. दिवसभर बसून स्केच काढलं आणि ते घेऊन थेट अरुणच्या दारात उभी राहिले. त्याने दार उघडलं. मी कागद त्याच्या हातात कोंबला.

त्याने चष्मा लावला. बघितलं. आणि कितीतरी महिन्यांनी मला आपला जुना अरुण ऐकू आला. "हे कुठल्या गाढवाने काढलंय? लिफ्ट जिन्याच्या मधल्या वळणावर थांबणार? मग वरचा अर्धा जिना कोण चढणार, तुझा सेक्रेटरी?"

"मग कुठे थांबवू? शहाणा आहेस तर तू सांग."

"पॅसेजच्या टोकाची खिडकी फोड. तिथे छोटा पूल काढ, म्हणजे थेट मजल्यावर." पेन्सिल शोधायला तो गुडघे विसरून तुझ्या कपाटापर्यंत गेला. मग मध्येच थांबला. "पण पुलाचा सगळा भार खिडकीखालच्या बीमवर येणार. पेलेल?"

"पेलेल. शुभाचा बीम आहे."

त्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाला, "चहा टाक, साखर वरच्या फळीवर आहे."

काल गच्चीवर मीटिंग झाली. काय गोंधळ गं! मोठ्या फ्लॅटची स्वप्नं बघणारे माझ्यावर असे तुटून पडले की विचारू नकोस. एक जण उठून म्हणाला, "मॅडम, तुम्ही मैत्रिणीची बाजू घेताय." मला ते फार लागलं. मी म्हटलं, "मैत्रीण होती म्हणूनच काँक्रीटचे नमुने दोन वेगवेगळ्या लॅबमधून तपासून घेतले. दोन्ही रिपोर्ट समोर आहेत, वाचा. नवी बिल्डिंग हवी असेल तर खुशाल मतं घ्या आणि पाडा, तो तुमचा हक्क आहे. पण ती धोकादायक आहे असं मी म्हणणार नाही." मग अरुण उठला. कठडा धरून उभा राहिला आणि लिफ्टबद्दल बोलला. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलला नाही, फक्त तुझ्या खुर्चीबद्दल बोलला. मग हात वर करून मतं घेतली. दुरुस्ती आणि लिफ्ट, दोन्ही मंजूर झालं. अगदी थोड्या मतांच्या फरकाने झालं हं, अजूनही बरेच जण तोंड फुगवून आहेत. सेक्रेटरी तर जाताना माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. बसू देत रुसून.

आज सकाळी अरुणचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"सुजे, लिफ्ट केवढी धरलीयस?"

"चार माणसांची. बाहेर जागाच तेवढी आहे."

"नको. लांबट कर. माणूस आडवा मावला पाहिजे."

  फोन कानाशी तसाच धरून मी स्केच पुढे ओढलं आणि लिफ्टची रेघ लांबवली.

आता लिफ्ट लांबट करायची म्हणजे पार्किंगची एक जागा जाणार, आणि नेमकी तिथे सेक्रेटरींची गाडी उभी असते. म्हणजे पुन्हा भांडण आलं! करेन. कव्हर ब्लॉकसाठी तू मिक्सर थांबवलास, मी काय एक गाडी हलवू शकत नाही? तुला शब्द देते शुभे, तुझ्या बिल्डिंगमधून यापुढे कुणीही आजारी माणूस खुर्चीतून उतरणार नाही. नीट आडवा होऊन उतरेल. आणि त्याच्या शेजारी हात धरून एक जण उभा राहू शकेल, एवढी जागा मी ठेवते.

तुझी,
सुजी