गव्हाणी, विनामोबदला

प्रभूचं नाव घेऊन लिहून ठेवते मी, मार्थाबाई यिर्मया वानखडे, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ. वय चर्चच्या मंडळीच्या दप्तरात एक आहे आणि माझ्या गुडघ्यांच्या मते दुसरं. दोन्हींच्या मधलं धरावं. पूर्वी दवाखान्यात दाई होते, आता घरीच असते. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा फूस लावण्याने करत नाही. बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास शलमोनराव मास्तरांना विचारावे. ते आमच्या मंडळीचे वडील, शब्बाथशाळेचे मुख्य आणि माझे शेजारी. या बाईचं डोकं थोडं कमी चाललं असतं तर मंडळीत शांतता नांदली असती, असं ते भर सभेत बोललेले आहेत.

लिहिणारे धनसिंग अर्जनवीस, कचेरीसमोर बसणारे. मी सांगते, ते लिहितात. मधूनमधून "बाई, हे कलमात बसत नाई" म्हणतात. मी म्हणते, थोडं सरकवून बसवा.

कोणी रडारड सुरू करू नये. प्रकृती ठीक आहे आणि यंदाच्या नाताळच्या करंज्या मीच तळणार आहे. खोबरं आणूनही ठेवलं आहे.

कलम पहिले. माझी माती यिर्मयाच्या शेजारी व्हावी. जागा मी झाडूनपुसून ठेवली आहे. पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घ्यावा, लोक उन्हात उभे असतात. मी डिसेंबरात गेले तर चांदणी उतरवू नये. कामट्यांची आणि पतंगी कागदाची ती चांदणी मी दरवर्षी दारावर न लावता मागच्या गोठ्यावर टांगते. लोक विचारतात, "काहून बाई, दर्शनी बाजू सोडून?" त्यांनी विचारावं म्हणूनच टांगते. येशू जन्मला तेव्हा पूर्वेचे ज्ञानी त्या नव्या राजाला शोधत राजवाड्यात गेले आणि फसले. चांदणी जाऊन थांबली ती गरिबाच्या बिऱ्हाडावर. एवढं ऐकून घेणारा एक तरी माणूस मला दरवर्षी भेटतो.

कलम दुसरे. राहते घर, दोन खोल्या, गोठा व अंगण, माझ्या बहिणीचा मुलगा एलिया, नोकरी रेल्वे, मुक्काम नागपूर, यास द्यावे. तो ते विकणार, हे मला माहीत आहे. विकू दे बापडा, त्याला लेकरंबाळं आहेत. मात्र मागच्या उन्हाळ्यात तो अंगणातल्या लाकडी गव्हाणीला पाय लावून म्हणाला, "मावशी, हिच्यावर बंब चांगला तापेल." त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं, पण तूप वाढलं नाही. ही गव्हाणी घराबरोबर त्याला जाणार नाही. तिचं वेगळं कलम खाली आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्याचसाठी हा सगळा कागद आहे.

कलम तिसरे. पोस्टात जे असेल त्यातून मातीचा खर्च भागवावा. उरेल त्याचं गूळ-खोबरं आणावं.

कलम चौथे. नाताळबाबाचा लाल झगा आणि दाढी शब्बाथशाळेस द्यावी. आमच्या कापसाच्या मुलखात दाढीला तोटा नाही. रुई जिनिंगमधून मूठभर मागून आणावी. हा झगा माझे यजमान यिर्मया, धंदा सुतारकाम, जन्मभर घालत आले. त्यांची एक रीत होती. खाऊ वाटून झाला की ते सगळ्या लेकरांसमोर दाढी काढून खिशात घालायचे आणि म्हणायचे, "पाहा रे, हा तर यिर्म्या सुतार. मी नुसता हमाल. देणारा वर आहे, आणि त्याची दाढी मी पाहिलेली नाही." पुढे जो कोणी हा झगा घालील त्याने शेवटी दाढी काढावी. लेकरांच्या मनात देव आणि म्हातारा यांची गल्लत होऊ देऊ नये.

कलम पाचवे. आता गव्हाणी.

ही गव्हाणी यिर्मयांनी आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नाताळच्या नाटकासाठी केली. सागवानी आहे. त्या वर्षी नाटकात बैल खराच हवा म्हणून शेजारच्या विठ्ठलराव पाटलांचा ढवळ्या आणला. गव्हाणीत कडबा, कडब्यावर दुपट्यात गुंडाळलेलं चिंधीचं येशूबाळ. शलमोनराव तेव्हा तरुण होते. डोळे मिटून, आवाज लावून वचन वाचत होते. बैलाला सकाळपासून कोणी वैरण घातली नव्हती, हे कोणाच्याच ध्यानात नाही. ढवळ्याने मान खाली घातली, कडबा ओढला आणि कडब्याबरोबर बाळही तोंडात घेतलं. शलमोनरावांनी डोळे उघडले आणि ओरडले, "अरे धरा, धरा! बैलानं तारणारा खाल्ला!"

ते हसू मला अजून ऐकू येतं. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. विठ्ठलराव हात जोडून माफी मागत होते. शलमोनराव संतापून लाल झाले होते. तेव्हा यिर्मया पुढे झाले, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बैलाची काय चूक? गव्हाणीत ठेवलं ते खायचंच असते. देवानं आपलं लेकरू पाळण्यात नाई ठेवलं, गव्हाणीत ठेवलं. भुकेल्यानं यावं म्हणूनच ठेवलं असन." मी बायबल पुष्कळदा ऐकलेलं होतं, पण पोटात शिरलं ते त्या दिवशी.

पुढच्या नाताळापासून आम्ही गव्हाणीत कडब्यावर धुतलेलं फडकं अंथरून करंज्या ठेवू लागलो. ज्याला भूक त्याने हात घालावा. नाव, गाव, धर्म विचारायचा नाही. ढवळ्याला कोणी वचन पाठ म्हणायला लावलं होतं?

यिर्मया गेल्यावर शलमोनरावांनी शिस्त आणली. शब्बाथशाळेत हजेरी लावील आणि वचन पाठ म्हणील त्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठी दाखवील त्यालाच करंजी. तिचं नावही त्यांनी बदललं: नाताळचं बक्षीस. मी म्हटलं, "मास्तर, ही भेट आहे." ते म्हणाले, "मार्थाबाई, फुकटचं मिळालं की किंमत राहत नाही. बक्षीस मिळवावं लागतं."

सत्तावन सालच्या नाताळला मजुरी करणाऱ्या उकंडाची पोरगी कौसल्या चर्चच्या फाटकाशी आली. एवढीशी होती. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. चिठ्ठी कुठली असणार? शलमोनरावांनी तिला गोडीत, पण परत पाठवलं. पोरगी रडलीही नाही. आपला हात पाहत पाहत गेली. मला भयंकर राग आला. मी दोन माणसं बोलावली आणि गव्हाणी चर्चमधून उचलून माझ्या अंगणात आणली. ती अजून तिथेच आहे. मी ती चोरली, असं शलमोनरावांचं म्हणणं आहे. माझ्या नवऱ्याने केलेली वस्तू मी घरी आणली, असं माझं म्हणणं आहे. हे दोन्ही इथे नोंदवून ठेवते.

मग मी कौसल्याला बोलावून तिच्या हाताने गव्हाणीतली करंजी घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी उकंडा आला, दारातच उभा राहिला.

"बाई, पोरगी तुमच्या घरची करंजी खाऊन आली. आमी आता बुद्धाचे झालो. तिच्यावर काई बंधन तं नाई ना?"

"आहे ना. एकच," मी म्हटलं. "हात धुऊन येत जाय म्हना."

उकंडा हसत हसत खालीच बसला. त्याने स्वतःही दोन खाल्ल्या. करंजी कापायचं माझं पितळी कातणं कौसल्याला द्यावं. तिच्या करंजीची कड माझ्यापेक्षा सरळ येते.

शलमोनराव माणूस वाईट नाही, हेही लिहा असं मी धनसिंगांना सांगितलं. यिर्मया आजारी असताना विहिरीचं पाणी त्यांनीच भरलं. पण माझ्या गव्हाणीतली करंजी त्यांनी आजवर खाल्लेली नाही. दर नाताळला कुंपणापर्यंत येतात, "सलाम मार्थाबाई" म्हणतात आणि तिथूनच परततात. न मिळवलेलं घ्यायचं नाही, असा त्यांचा बाणा.

मला घोर एकच आहे. मी गेल्यावर या गव्हाणीत हात घालणाऱ्या लेकराला कोणी चिठ्ठी मागू नये. एलिया तिच्यावर बंब तापवील. चर्चला दिली तर चिठ्ठ्या परत येतील. पुष्कळ दिवस झोपेत सुद्धा हेच चाललं होतं.

शेवटी परवा धनसिंगांनीच वाट दाखवली, आणि त्यांना ते कळलंही नाही. ते म्हणाले, "बाई, जिवंतपणीच द्याची असन तं बक्षीसपत्र करून टाका."

मी भडकले. "बक्षीस शब्द माझ्या घरात नको. मिळवावं लागते ते बक्षीस."

"कायद्यात नाई, बाई," ते म्हणाले. "कायद्यात बक्षीस म्हंजे विनामोबदला. घेनाऱ्यानं काईच द्याचं नाई. काई घेतलं तं ते खरेदीखत होते."

मी त्यांना ते तीनदा म्हणायला लावलं. एवढी वर्षं मी मास्तरांशी भांडले, आणि सरकार माझ्याच बाजूने होतं! तेव्हाच माझं ठरलं.

म्हणून वेगळा कागद न करता इथेच सदर सागवानी गव्हाणी, कडब्यासकट, मी शलमोनराव मास्तर यांना देते. विनामोबदला. त्यांनी ती मिळवलेली नाही, आणि याच कारणाने ती त्यांची आहे. धनसिंग म्हणाले, "अट टाका ना, चिठ्ठी मागाची नाई म्हून." हात शिवशिवला माझा. भीतीही वाटते; हा हट्टी माणूस उद्या तिच्यावर पाटी लावील. पण अट घातली तर मीच त्यांच्याकडे चिठ्ठी मागितली असं होईल. देवाने आपलं लेकरू दिलं तेव्हा अट घातली नव्हती. मीही घालत नाही.

साक्षीदार म्हणून बैलवाले विठ्ठलराव पाटील आणि उकंडा आले आहेत. शलमोनरावही न बोलावता आले. शेजाऱ्याचं कर्तव्य म्हणून साक्ष घालतो म्हणाले आणि पेन काढून बसले. धनसिंगांनी त्यांना थांबवलं. "मास्तर, तुमची साक्ष नाई चालत. ज्याले मिळनार असते त्याची साक्ष घेतली तं त्याचं देनं रद्द होते."

"मला? मला काय मिळणार आहे?"

धनसिंगांनी पाचवं कलम वाचून दाखवलं, ढवळ्यापासून शेवटपर्यंत. विठ्ठलराव आणि उकंडा हसत होते. शलमोनराव हसले नाहीत. पेनाला टोपण लावायला त्यांना फार वेळ लागला. जन्मभर शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या वेळी तोंडातून आपल्या आईची बोली निघाली.

"मार्थाबाई, मंग मले काय करा लागन?"

मी सकाळीच खोबऱ्याची चव पाहायला चार करंज्या तळल्या होत्या. त्या गव्हाणीत ठेवल्या आहेत.

"काही नाही, मास्तर," मी म्हटलं. "हात धुऊन या."

हे सगळं धनसिंगांनी आत्ता समोर बसून लिहिलं. मला वाचून दाखवलं, मला मान्य आहे. शलमोनराव हात धुवायला विहिरीवर गेले आहेत. ते येईपर्यंत मी सही करून घेते.

सही: मार्थाबाई यिर्मया वानखडे

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार: विठ्ठलराव पाटील, शेतकरी, पांढरकवडा
साक्षीदार: उकंडा, मजुरी, पांढरकवडा

लेखक: धनसिंग, अर्जनवीस

मुक्काम पांढरकवडा, तारीख १४ डिसेंबर १९६३