शोभेच्या मिरचीचं बी

अप्पा,

तुमचे जावई बोलत नाहीत. पावसाळा गेला, थंडी गेली, आता सोलापूरचा उन्हाळा डोक्यावर आलाय आणि या घरात मी एकटीच बोलते. लकवा उजव्या अंगावरून गेला तो वाचाही घेऊन गेला. लग्न ठरलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "पोरगा चांगला हाय, पर झोपंतबी बोलत आसंल." मोहोळच्या गाडीवरचा कंडक्टर, "पुढं सरका की" म्हणून अख्खी गाडी हलवणारा माणूस, आता कुशीवर वळवला की भिंतीकडं बघत पडून राहतो. पुण्याहून लेकीचा फोन येतो. मी तो त्यांच्या कानाला लावते. ती "बाबा, बाबा" करते आणि फोन ठेवून देते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. ती म्हणाली, उजव्या हाताच्या चिमटीत बारीक काहीतरी उचलायला लावा. मी तांदूळ दिले, हरभरे दिले. त्यांनी ताटली ढकलली. हरभरे गोळा करताना मला तुम्ही आठवलात. मिल सुटली की तुम्ही दारात उकिडवे बसायचा. मिलच्या साहेबांच्या बंगल्यातल्या माळ्यानं दिलेली ती आभाळाकडं तोंड करून वाढणारी मिरची नखानं फोडायचा आणि बी कागदावर वाळत घालायचा. एकाच झाडावर जांभळ्या, पिवळ्या, केशरी, लाल मिरच्या. आई चुलीपुढून ओरडतेय, "भाजीत घालता येत न्हाईत, मग कशाला जागा अडवताय?" तुम्ही नुसते हसताय. मी डब्यातली माती उकरून बी उगवलंय का बघते, आणि तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारता. "उकरलं की मरतंय ते! वर आलं की दिसंल की." मला सासरी पाठवताना तुम्ही त्याच झाडाची कुंडी मांडीवर ठेवून दिली होतीत. तेव्हापासून मी दर वर्षी बी धरत आले.

तेच बी मी त्यांच्यापुढं कागदावर ओतलं. ते बियांकडं बघत राहिले. मग उजवी बोटं पुढं आली, निसटली, परत आली, आणि एक बी चिमटीत धरलं गेलं. मी मातीचा ट्रे पुढं केला. "टाका," म्हटलं. त्यांनी टाकलं. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

रोपं आली, अप्पा. कुंड्यांत लावली, पण ऊन असं तापलं, की सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उरेना. वर ओलं पोतं बांधलं, कडुनिंबाचं पाणी फवारलं. तरी पानं मुडपायला लागली, शेंडे आखडले. रोग पसरू नये म्हणून एकेक रोप उपटताना मला वाटायचं, एवढं एक जगू दे, म्हणजे हेही सावरतील. हा सौदा मी कुणाशी करत होते, देव जाणे. एकच झाड जगलं. त्याला मिरच्या लागल्या.

एका सकाळी त्यांची खुर्ची त्या कुंडीपाशी लावून मी दूध बघायला आत गेले. मागून आवाज आला, "आगं, पाणी! पाणी दे की!" तोच आवाज, गाडीतला. दूध उतू गेलं. मी पळत आले तर डाव्या हातात अर्धी चावलेली जांभळी मिरची, चेहरा लालबुंद. मी पाणी पाजलं, जिभेवर साखर ठेवली. म्हटलं, "परत म्हणा. एकदाच म्हणा." त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओठ हलले, पण शब्द आला नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं निसटतो कधीतरी एखादा शब्द, त्यावर आशा बांधू नका. आशा बांधू नका म्हणजे काय करू, ते त्यांनी सांगितलं नाही. मी दिवसभर त्यांच्या पुढ्यात बसून "पाणी, पाणी" म्हणत राहते. शेजारीण एकदा तांब्या घेऊन आली.

हे पत्र कुठंच पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. लेकीला सांगवत नाही. काल सकाळी मी खिचडीच्या घासात त्या झाडाची एक लाल मिरची चुरून घातली. पाणी मुद्दाम आत ठेवलं. घास भरवला आणि समोर बसून वाट बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मान घामानं भिजली. ते ओरडले नाहीत. माझ्याकडं बघत त्यांनी तो घास गिळला, आणि मला काय हवंय ते कळल्यासारखं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.