वाणातली जास्वंद

शुक्रवार, संध्याकाळ

सख्खी जाऊच अशी वागली तर परक्याले काय बोलायचं! संक्रांतीच्या वाणात मंदानं मले जास्वंदीची कुंडी देली. कुंडीले, वर खोडालेही, चमकीचा कागद गुंडाळलेला. किती हौसेनं सजवलं म्हणून मी तो काढलाच नाही.

आज गॅलरीतला मोगरा पांढरा दिसला. फुलानं नाही, पिठ्या ढेकणानं. मिरच्याही गेल्या. मग तो कागद फाडला. खोडाले कापूस चिकटल्यासारखे ढेकूण, अन् त्यावर, ढेकूण मारायले लावतात तशी, चुलीतली राख फासलेली. म्हणजे तिले माहीत होतं! राख काय आपोआप लागली?

मुकुटबनले मंदाले फोन केला तर म्हणते, "ताई, मले वाटलं धूळ असन." बांधावरून कपाशीच्या पराटीवरचा ढेकूण ओळखणारी बाई! वाण परत करता येत नाही, हेही तिले ठाऊक. काहून नाही सांगितलं? मी गुपचूप फेकली असती कुंडी. मोगरा मायच्या आंगणातला होता. ते घर विकलं, आता दुसरा कुठून आणू?

ढेकूण साबणाच्या पाण्यानं धुईन. राखेचं काय? तिले सांगून टाकलं, रविवारी मारेगावले माह्या घरी ये. राख लागलेला तो कागद ठेवला आहे मी. तो पाहून माह्या तोंडावर सांग, राख कोणी लावली?