आधी देवीचा दिवा जायचा

अण्णा, जीप झटके का मारायची ते कळलं. कळून कितीतरी वर्षं झाली, जीपही भंगारात गेली, पण तुम्हाला सांगितल्याबिगर जिवाला थारा नाही. आज दुपारी देवापुढं माळ घेऊन बसले, जपात मन लागेना, म्हणून उठून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून राह्यले.

पिंपळगाव रेणुकाई ते भोकरदन माणसं ने-आण करून त्या पेट्रोलच्या जीपचा मूळ रंग कोणता, हे कुणाला आठवत नव्हतं. किल्ली फिरवली की समोर रेणुकामातेच्या फोटोखालचा लाल दिवा लागायचा. तुम्हीच वायर ओढून बसवलेला. दिवा लागला, हात जोडले, की मगच स्टार्टर. आणि त्या किल्लीच्या जुडग्यात घरच्या सगळ्या किल्ल्या, कपाटाची, कोठीची, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची. एका जागी असलं म्हणजे हरवत नाही, तुम्ही म्हणायचे. खड्ड्याखड्ड्याला तो जुडगा असा खळखळायचा की आई चुलीजवळून ओळखायची, आले म्हणून, आणि तवा ठेवायची.

मी मॅट्रिकला होते तेव्हाची गोष्ट. स्टोव्ह फडफडत होता, आणि दुकानदारानं रॉकेलमध्ये पाणी घातलं म्हणून मी त्याचा उद्धार करून राह्यले होते. तुम्ही जेवत होते. ताटावरून न उठता म्हणाले, "आधी पिन मारून बघ, मंग रॉकेलला नाव ठेव." पिन मारली तर निळी ज्योत सरळ उभी राहिली. तुम्ही भाकर मोडत नुसते हसले. मला तेव्हा राग आल्ता. आता ते वाक्य माझ्या तोंडून दिवसातून एकदा तरी निघतं.

मग ती नवरात्र. मी माहेरी आलेली. सगळे देवीला नैवेद्य घेऊन निघालोय, वहिनीच्या मांडीवर पुरणपोळ्यांचं ताट आहे, जीप तुम्ही चालवताय. नाल्याजवळच्या खड्ड्यांत जीप अशी झटकली की ताट कलंडलं, पोळ्या पायाखाली. नैवेद्य सांडला. वहिनी रडायलाच लागली. देवळाच्या पायरीशी, सगळ्यांच्या देखत, भाऊ म्हणाला, "अण्णा, तुमचा पाय राह्यला न्हाई आता. क्लच बराबर सुटत न्हाई तुमच्यानं."

"इंजिन मिस मारून राह्यलंय," तुम्ही म्हणाले. "मधेच ठोका गाळतंय. माझा पाय बराबर आहे."

दुसऱ्या दिवशी भाऊ जीप भोकरदनला मिस्त्रीकडं घेऊन गेला. आईला कपाट उघडायचं होतं, म्हणून त्यानं जुडग्यातून नुसती जीपची किल्ली काढून घेतली. तेव्हा त्याचं कुणाला काय वाटणार? दिवसभर त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतून जीप गरीब गाईसारखी चालली. मिस्त्रीला खोट सापडेना, त्यानं आपले नवे प्लग बसवून दिले. भाऊ परत आला तो रागात नव्हता, आणि तेच वाईट झालं. गाडी झ्याक आहे अण्णा, आता आराम करा, एवढंच मायेनं म्हणाला. तुम्ही आपल्या डाव्या पायाकडं बघत राहिले. मग किल्ली जुडग्यात ओवली आणि देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली.

त्यानंतर तुम्ही जीपमध्ये चालवणाऱ्याच्या शेजारीसुद्धा बसले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून डावा पाय हळूच दाबायचे, हळूच सोडायचे. आई म्हणायची, मुंग्या आल्या असतील. मला माहीत होतं तुम्ही काय तपासताय. पुढच्या नवरात्रीला तुम्ही नव्हते.

भाऊला जीप नको होती, ती तुमच्या जुडग्यासकट आमच्याकडं आली. घरची कुलपं भाऊनं नवी केली होती, तरी जुन्या किल्ल्या मी जुडग्यातून काढल्या नाहीत. ह्यांचा पाय तर तरणाताठा, आणि जीप झटके मारतेच. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलपंपालाही शिव्या देऊन झाल्या. घरचा हिशोब मीच लिहिते, एकेक वस्तू लिहिताना वाटायचं, आपण अजून रॉकेललाच नाव ठेवून राह्यलो, पिन कुठं मारायची ते सापडेना.

एका मंगळवारी देवीला निघालो. मी पुढं बसून नाव घेत होते, नजर तुमच्या लाल दिव्यावर. नाल्याजवळ दिवा गेला आणि लगेच झटका. दिवा आला, गाडी सुरळीत. पुन्हा खड्डा, आधी दिवा, मागून झटका. पहिल्यांदा अंगावर काटाच आला, देवी कोपली म्हणून. मग ध्यानात आलं, दिव्याची वायर आणि इंजिनाची वायर एकाच किल्लीपासून निघतात. दिवा आणि इंजिन दोन्ही उपाशी राहत असतील, तर ताटात कमी नाही, वाढणाऱ्याचा हात आखडतोय.

ह्यांना म्हटलं, जरा थांबा, इंजिन चालू राहू द्या आणि जुडगा हलवून बघा. हे म्हणाले, दिवा जुना झाला असंल. तरी हलवला. दिवा गेला, इंजिननं ठोका गाळला. हात काढला, दोन्ही आले. मिस्त्रीनं मग किल्ली फिरते तो स्विच खोलून दाखवला. इतकी वर्षं एवढ्या किल्ल्यांचं ओझं लोंबकळून आतून झिजला होता. जुडगा हिंदकळला की वीज क्षणभर तुटायची. भाऊनं नेली तेव्हा किल्ली एकटीच होती, अण्णा. तिला ओझंच नव्हतं.

त्या दिवशी देवळात मी रडले. ह्यांना वाटलं, भक्तीनं.

काल आमच्याकडं पितृपक्षातलं तुमचं जेवण होतं. भाऊ आल्ता. केस पांढरे झालेत. सांगत होता, पोरानं मोटारसायकल काढून घेतली. "म्हणतो, बाबा, तुमचा हात थरथरतो, गाडी वाकडी चालती." हसत सांगितलं, पण सांगताना हात उलटा करून बघत होता, तुम्ही पाय बघायचे तसा. मी कढईपाशी वडे तळत होते. सगळं तोंडाशी आलं. निघालं एवढंच, "आधी चाक बघून घे, मंग हाताला नाव ठेव."

त्यानं हात खाली घेतला. "बिलकुल अण्णांवाणी बोलती तू," म्हणाला, आणि खाली मान घालून जेवला.

बाकीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्या नावाचा घास त्याच्या घशाखाली उतरला नसता. पण एक आहे. तो जुना स्विच मी टाकला नव्हता, तुमच्या जुडग्यालाच बांधून ठेवलाय, आणि जुडगा त्याच्या पानासमोरच्या खुंटीवर होता. तो यायच्या आधी काढून ठेवायचा, असं सकाळपासून म्हणत होते. काढला नाही. जेवण झाल्यावर आत तो एकटाच होता. किल्ल्या खळखळल्या, तेव्हा मी बाहेर मोरीवर भांडी घासत होते. मागं वळून बघितलं नाही.