गाडी ऑइल खाते आहे

रविवार, १४ जुलै

प्रिय बाळास,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. तुझा पत्ता तुझ्या ऑफिसातल्या मित्राकडून मिळाला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याचा पिच्छा सोडला नाही. फोन तू ना माझा उचलतोस, ना सूनबाईचा.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. गच्चीवरची टाकी गळत होती, ती दुरुस्त करून घेतली. काळजी आहे ती गाडीची. ती ऑइल खायला लागली आहे. मागून निळसर धूर येतो, खाली मात्र थेंबही सांडलेला नसतो. सूनबाई डिकीत ऑइलचा डबा घेऊन फिरते. पेशंटांचे व्यायाम करून घ्यायला तिला घरोघर जावं लागतं, हे तुला माहीतच आहे. गाडी बंद म्हणजे तिचं कामच बंद.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी तिला वाटेला लावलं. "थोडंफार ऑइल लागतंच, मॅडम." ती पुन्हा पुन्हा गेली, तेव्हा कुठे त्यांनी खुणेपर्यंत ऑइल भरलं, झाकणाला सील लावलं आणि सांगितलं, "आता वरून काही घालायचं नाही. नुसती चालवा, मग किती कमी होतं ते बघू."

चालवा म्हणे! ऑइल संपून मध्येच इंजिन जाम झालं तर? मी हट्टानं तिच्याबरोबर जायला लागले. ती पेशंटकडे वर जायची, मी गाडीत बसून राहायची. गाडी चालू असली की माझी नजर रस्त्यावर नाही, समोरच्या ऑइलच्या लाल दिव्यावर.

"आई, तुम्ही बघत बसलात म्हणून तो लागायचा थांबणार आहे का?" असं म्हणून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून लिहिते.

गुरुवारी दिवा लागला. पुलावर, मधल्या लेनमध्ये, मागे ट्रक. इंजिनातून खडखड यायला लागली. तिनं कशीबशी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. ओढून नेणारी गाडी येईपर्यंत मी तिचे हात धरून बसले.

सेंटरात मॅनेजरनं स्वतः तपासलं. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. वॉरंटीत बसतंय, सगळं फुकट करून देऊ. पण गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही लागेल. आणि वॉरंटी या महिनाअखेर संपतेय. साहेब कुठे असतात?"

"कामासाठी बाहेरगावी," मी घाईनं म्हणाले. शेजारणीला सांगते, दूधवाल्याला सांगते, तेच.

"माहीत नाही," सूनबाई म्हणाली. "ते घर सोडून गेलेत."

अगदी साध्या आवाजात. मॅनेजर उगाच कागद चाळायला लागला. मला कुठे बघावं कळेना.

परत येताना बसमध्ये तिनं विचारलं, "आई, तेच तेच सांगून तुम्ही दमत नाही का?"

दमले आहे रे.

तुझं तिकडे दुसरं बिऱ्हाड आहे, हेही तुझ्या मित्रानं सांगितलं. मी सूनबाईला बोलले नाही. तिला कळलं असावं असं वाटतं, पण विचारायचा धीर होत नाही.

सोबत सेंटरचा कागद आहे. खाली सही कर आणि पोस्टानं पाठव. स्वतः घेऊन येऊ नकोस. हे वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली. तुला बघायला जीव तुटतो माझा. पण फाटक वाजलं की ती हातातलं काम टाकून दाराशी धावायची, ते आत्ता कुठे थांबलंय. तू येशील, चहा पिशील, सही करशील आणि निघून जाशील. पुढचं सगळं आम्हा दोघींना पुन्हा पहिल्यापासून.

महिना संपायच्या आत पाठव. जेवणाची आबाळ करू नकोस.

मी इथेच आहे, सूनबाईपाशी.

तुझी,
आई