बारा लिटर साधं पाणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे सध्या फक्त कागदावरचा). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? शाळेतून निवृत्त झाल्यापासून वेळ जात नाही असं लिहिलं होतंस, म्हणून हे पत्र मुद्दाम लांबवतो आहे. इकडे आम्ही सगळे मजेत. हे खोटं आहे, मी मजेत नाही. कारखान्यात खडूबाई आली आहे आणि मी तिच्यावर जळतो. एकदाचं लिहून टाकलं, आता पुढचं सुचेल.

फरशी पुसायच्या औषधाचं मिश्रण बावीस वर्षं मी करतो आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते, हे तुला ठाऊकच आहे. आमच्याकडे दोन पिंपं. चाळीस टक्के औषधाचं ते थोरलं, दहा टक्क्यांचं ते धाकटं. गिऱ्हाइकाला हवं असतं वीस टक्क्यांचं, साठ लिटर. माझी रीत अशी, की थोडं थोरलं ओतायचं, थोडं धाकटं, आणि पट्टी बुडवून बघायची. जहाल झालं तर धाकटं वाढवायचं, फिकं झालं तर थोरलं. असं करत करत वीस टक्के हमखास जमतं, फक्त तोवर साठाचे नव्वद लिटर झालेले असतात. उरलेल्या तिसांनी आम्ही जिने, गच्ची आणि साहेबांची गाडी धुतो (आमच्याइतका स्वच्छ कारखाना शोधून सापडायचा नाही आणि त्याचं श्रेय आजवर मला कुणी दिलेलं नाही).

अशात साहेबांनी या खडूबाईला पॅकिंगमधून उचलून माझ्या मदतीला दिलं. लोक कानावर पेन अडकवतात, ही खडू अडकवते. पहिल्याच दिवशी पिंपाच्या झाकणावर तिनं लिहिलं, थोरलं क्ष, धाकटं साठ वजा क्ष. खाली दोन-तीन ओळी खरडल्या आणि म्हणाली, "काका, थोरलं वीस घ्या, धाकटं चाळीस." ओतलं. पट्टी बुडवली. वीस टक्के, साठ लिटर, वर एक थेंब नाही. गच्ची त्या दिवशी तशीच राहिली.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय ते थांबलेलं नाही. साहेब तिचं झाकण बघायला पाहुण्यांना घेऊन येतात. चहा आधी तिच्याकडे जातो. माझी बायकोही पॅकिंगमध्येच, तीही घरी जेवायला वाढताना म्हणते, "किती सोपं करून सांगते हो ती!" (संसारात मी जे जे सोपं करून सांगितलं त्याबद्दल एक अक्षर नाही.) आणि खडूबाई मला काका म्हणते, माझ्याहून जेमतेम बारा वर्षांनी लहान असून!

शेवटी मंगळवारी ती रजेवर होती तेव्हा मीच खडू उचलला. थोरलं क्ष लिहिलं. धाकटंही क्ष लिहिलं (थोरल्याला अख्खं अक्षर आणि धाकट्याला उरलंसुरलं, हा दुजाभाव मला लहानपणापासून पटत नाही). चाळीस क्ष अधिक दहा क्ष बरोबर साठ गुणिले वीस. क्ष आला चोवीस. दोन्हीकडचं चोवीस-चोवीस ओतलं, तर साठ लिटरचं पिंप बारा लिटरनं रिकामं! साहेब दारात उभे. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून नळी लावली आणि बारा लिटर साधं पाणी सोडलं. पट्टी बुडवली. वीस टक्के! साठ लिटर! साहेबांनी पाठ थोपटली आणि त्या दिवशी चहा आधी माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी खडूबाई माझं झाकण बराच वेळ वाचत राहिली. ती चूक काढणार म्हणून मी भांडणाच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "काका, हे का जमलं ते मला सांगा ना. मला असं सुचलंच नसतं." ते साहेबांनी ऐकलं आणि फर्मान काढलं, की सोमवारी दोघांनी आपापली रीत सगळ्यांसमोर समजावून सांगायची. ज्याची सगळ्यांना कळेल, किल्ली त्याच्याकडे. ताई, मला स्वतःलाच कळलेली नाही गं. बावीस वर्षांची किल्ली आहे. भाऊजींना नमस्कार सांग आणि गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं आपलं सहज लिहिलं. मुद्दा एवढाच, की पाण्यानं ते का जमलं याचं उत्तर सोमवारच्या आत पाठव. लहानपणी माझी सगळी गणितं तूच सोडवून द्यायचीस आणि बदल्यात मी तुझ्या पेन्सिलींना टोक करायचो. टोक मी अजूनही करतो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात खडूबाई घरी येऊन गेली. सोमवारी घाबरू नका म्हणाली आणि जपून ठेवलेली तिची शाळेतली वही देऊन गेली. पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा आहे, 'उत्तर चुकलं तरी चालेल, का ते सांग.' ताई, ते अक्षर मी कुठंही ओळखीन. विचारलं तर म्हणाली, शाळा सुटल्यावर तीन वर्षं रोज तुझ्याकडे येऊन बसायची. आता मी तिच्यावर किती जळतो ते विचारूच नकोस. माझी गणितं तू सोडवून दिलीस, तिला शिकवलीस. तर उत्तर पाठवू नकोस. सोमवारच्या आत तूच ये. पेन्सिलीला टोक करून बसतो.